फिट आलेल्या प्रत्येक मुलाचा बीपी मोजा

पावसाळा सुरू आहे. खरूज, पिकलेल्या पुळ्या आणि घसादुखीचे हे दिवस. यांच्या मागोमाग काही आठवड्यांनी एक संकट येतं आणि ते बहुतेकांना ओळखू येत नाही. म्हणून एक बालरोगतज्ज्ञ या नात्याने आईबाप, शिक्षक, वसतिगृहांचे अधीक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि माझे डॉक्टर-नर्स सहकारी या सर्वांकडे हात जोडून एकच मागणं आहे. ज्या मुलाला फिट आली, ज्याला अचानक दिसेनासं झालं, जे मूल डोकं धरून उलट्या करतंय आणि गुंगीत जातंय, त्याचा बीपी तिथल्या तिथे मोजला गेला पाहिजे. डॉक्टरांनी मोजावा. त्यांच्याकडून राहिला तर आईबापांनी मागून घ्यावा. त्यात संकोच करण्यासारखं काहीही नाही.

“एवढ्याशा पोराला कसला बीपी?” हे वाक्य घरात ऐकू येतं तसं दवाखान्यातही ऐकू येतं. मुलांनाही रक्तदाब होतो. तो झपाट्याने वाढला तर मेंदूला सूज येते, झटके येतात, दृष्टी जाते. वेळेवर ओळखलं आणि दाब नीट उतरवला, तर यातली बहुतेक मुलं काही दिवसांत पूर्ववत होतात. मुलांच्या मेंदूच्या आजारांत इतकं हातात असलेलं दुखणं विरळच. तरीही ते निसटतं, कारण दंडाला पट्टाच बांधला जात नाही.

असं मूल येतं कसं, ते सांगतो. हा कुणी एक मुलगा नाही, अशा अनेकांचं मिळून हे चित्र आहे. वय आठ, आश्रमशाळेत राहणारा. महिन्याभरापूर्वी बोटांच्या बेचक्यांत आणि कुल्ल्यांवर खरूज झाली होती. खाजवून खाजवून पुळ्या पिकल्या, पिवळट खपल्या धरल्या, मग सुकल्या आणि सगळे विसरले. गेले चार दिवस सकाळी उठतो तेव्हा पापण्या सुजलेल्या असतात. दुपारपर्यंत सूज ओसरते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झालेला असतो. पण ते त्याच्याखेरीज कुणी पाहिलेलं नाही, आणि आठ वर्षांचं पोर लघवीचा रंग सांगायला सरांकडे जात नाही. पाचव्या दिवशी वर्गात डोकं ठणकायला लागतं. जेवलेलं उलटून पडतं. पित्त झालं असेल म्हणून त्याला खोलीत नेऊन झोपवतात. थोड्या वेळाने तो विचारतो, “सर, लाइट गेली का?” भर दुपार असते, खिडकी सताड उघडी असते. कुणी काही बोलायच्या आत त्याचे डोळे एका बाजूला फिरतात, अंग ताठ होतं आणि झटके सुरू होतात.

इथून पुढे त्याचं काय होणार, हे पट्टा बांधला जातो की नाही यावर ठरतं. नाही बांधला, तर कांदा हुंगवला जातो, चप्पल नाकाशी धरली जाते, कुणी अंगारा लावतं. दवाखान्यात नेल्यावर मेंदूज्वराची किंवा मिरगीची शंका येते, फिटचं इंजेक्शन दिलं जातं आणि हाताला सलाईन लागते. ज्या मुलाच्या अंगातलं पाणी लघवीवाटे बाहेर पडत नाही, त्याच्या शिरेत आणखी पाणी आणि मीठ जातं. दाब आणखी चढतो आणि फिट पुन्हा येते. पट्टा बांधला, तर पारा १६० वर ११० दाखवतो आणि पापण्यांची सूज, गडद लघवी, डोकेदुखी, अंधारी, झटके यांचं एकमेकांशी नातं जुळतं. मग फिट थांबवण्याबरोबरच दाब हळूहळू उतरवतात, लघवी होण्याचं औषध देतात, मीठ आणि पाणी मोजून देतात. दोन-चार दिवसांत मुलगा आईला ओळखतो, समोरच्या भिंतीवरचं चित्र काय आहे ते सांगतो.

हे का घडतं, ते समजून घेतलं की लक्षणं विसरली जाणार नाहीत. पाटाच्या पाण्याला जशी दारं असतात तशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आपापला प्रवाह आवरायची सोय असते. अंगातला दाब वाढला की त्या आकसतात, कमी झाला की सैलावतात, आणि मेंदूला मिळणारं रक्त जवळपास एकसारखं राहतं. या शक्तीला मर्यादा आहे आणि लहान मुलांत ती मर्यादा मोठ्यांपेक्षा खालीच येते. दाब फार चढला, किंवा सवड न देता भराभर चढला, तर वाहिन्यांचा आवर सुटतो आणि त्यांच्या भिंतींतून पाणी मेंदूत झिरपू लागतं. मेंदूच्या मागच्या भागातल्या वाहिन्यांना हा आवर ठेवायला मज्जातंतूंची साथ कमी मिळते, म्हणून सूज बहुधा तिथे आधी येते. आपण जे पाहतो त्याचा अर्थ लावणारं केंद्रही तिथेच आहे. त्यामुळे डोळे शाबूत असूनही मुलाला दिसत नाही. बॅटरी मारली तर बाहुली नीट आकसते. एवढ्यावरून मूल सोंग करतंय असं ठरवणारी माणसं असतात. कृपा करून तसं ठरवू नका. अंधारी आल्याची मुलाची तक्रार खरी धरा आणि बीपी मोजा.

वैद्यकशास्त्राला हे नवं नाही. रक्तदाब चढून मेंदू बिघडतो, या अवस्थेचं वर्णन ओपनहायमर आणि फिशबर्ग यांनी १९२८ मध्ये केलं. १९९६ मध्ये हिंची आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांच्या मेंदूच्या तपासण्या मांडल्या आणि मागच्या भागातली ही सूज उतरू शकते हे दाखवलं. आज एमआरआयच्या रिपोर्टवर तिचं नाव ‘प्रेस’ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे पोस्टिरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम. एमआरआय उपयोगी आहे, पण त्याची वाट पाहत बसू नका. तालुक्याच्या गावी बहुधा एमआरआय नसतो. बीपीचं यंत्र असतं आणि उपचार त्याच्या आकड्यावर सुरू करता येतात.

त्या १५ रुग्णांत तीन बाळंतपणात झटके आलेल्या बायका होत्या. हे मुद्दाम सांगतो. गरोदर बाईचा बीपी मोजायचा, हे आज आपल्या खेड्यापाड्यांत रुजलं आहे. आशाताई मागे लागून तिला उपकेंद्रात नेतात, कार्डावर आकडा लिहिला जातो, पायावर सूज दिसली की सासूसुद्धा विचारते, “बीपी बघितला का?” याचं कारण झटक्यांची भीती, आणि त्या झटक्यांत मेंदूला बहुधा हीच सूज आलेली असते. आईच्या बाबतीत जे आपण शिकलो, ते तिच्या लेकराच्या बाबतीत अजून शिकलेलो नाही. तीच नर्स, तेच यंत्र, तोच आजाराचा मार्ग, आणि मुलाच्या केसपेपरवर मात्र बीपीची जागा कोरी. हे मला सहन होत नाही.

आता मूळ कारणाकडे येतो. शाळकरी मुलांत हा दाब एकाएकी चढण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण मूत्रपिंडाच्या सुजेत असतं, आणि त्या सुजेची सुरुवात घशात किंवा कातडीवर झालेली असते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढतं आणि त्या लढाईत तयार झालेले घटक मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकून तिथे दाह करतात. घसा दुखून गेल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी आणि पुळ्या होऊन गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी हे दिसतं. तोवर मूळ दुखणं बरं झालेलं असतं, म्हणून कुणाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र येत नाहीत. चेहरा सुजणं, लघवी कमी होणं आणि ती लालसर किंवा चहाच्या रंगाची होणं, ही खूण आहे. ही खूण दिसली तर फिटची वाट पाहू नका. त्याच दिवशी मुलाला दवाखान्यात न्या, लघवी तपासा, बीपी मोजून घ्या. या मुलांचा दाब एका दिवसात कुठल्या कुठे जातो, म्हणून सकाळी ठीक होता एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

खरजेला मी म्हणूनच किरकोळ म्हणत नाही. एका मुलाला मलम लावून खरूज जात नाही. घरातल्या किंवा वसतिगृहातल्या खोलीतल्या सगळ्यांना, खाजत असो वा नसो, एकाच वेळी औषध लागतं. मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, नखांखाली, बेचक्यांत, बेंबीभोवतीही, आणि डॉक्टर सांगतील तेवढे तास ठेवून मग धुवायचं. अंथरुणं-पांघरुणं, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. पुळ्या पिकल्या असतील तर त्यांचा वेगळा उपचार घ्यायचा. चाळीस मुलं एका हॉलमध्ये चटईला चटई लावून झोपतात तिथे अधीक्षकांनी हे एका दिवशी, सगळ्यांसाठी करवून घेतलं, तर पुळ्यांचा फैलाव थांबतो आणि त्यापाठोपाठ येणारा मूत्रपिंडाचा आजारही कमी होतो.

खरजेखेरीज इतरही मुलं या धोक्यात असतात. त्यांच्या आईबापांना बहुधा आजार माहीत असतो, पण हा धोका कुणी सांगितलेला नसतो. नेफ्रॉटिकचं मूल, जे स्टिरॉइडवर आहे. ब्लड कॅन्सरचं मूल, ज्याच्या केमोथेरपीचे पहिले आठवडे चालू आहेत. मूत्रपिंड बदललेलं मूल किंवा सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस घेणारं मूल, ज्याच्या मेंदूला ही सूज रक्तदाब फारसा न वाढताही येऊ शकते. ल्युपस असलेली मुलगी. जन्मतः लघवीच्या मार्गात अडथळा असलेला मुलगा. या सगळ्यांच्या घरात दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र, मुलाच्या मापाच्या पट्ट्यासह, असायला हवं आणि आकड्यांची वही असायला हवी. किती आकड्याला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पापड, लोणचं, फरसाण, पाकिटातले चिप्स बंद. आणि हे वाचून घाबरून कुठलंही औषध आपल्या मनाने थांबवू नका. स्टिरॉइड एकदम बंद करणं हे स्वतःच जिवावर बेतू शकतं.

काही मुलांत दोष धमन्यांत असतो. महाधमनी जन्मतः अरुंद असते किंवा टाकायासू नावाच्या आजाराने मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद होते. अशा वेळी एका हाताची नाडी मंद लागू शकते आणि त्या हाताचा बीपी फसवा, कमी येऊ शकतो. म्हणून दाब वाढलेल्या मुलाचा बीपी दोन्ही हातांना आणि एका पायाला मोजावा.

आकड्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. मोठ्यांचा १२०/८० मुलांना लागू होत नाही. मुलाचा योग्य बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांवर ठरतो. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१७ मध्ये दिलेल्या सोप्या तक्त्यानुसार सात वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा बीपी १०६/६८ किंवा त्याहून अधिक आला तर पुढची तपासणी करावी. तेराव्या वर्षापासून ही रेघ १२०/८० वर येते. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचा १३०/९० हा आकडा “थोडासा जास्त” नाही. तो फार जास्त आहे, आणि सोबत डोकेदुखी, उलट्या, अंधारी किंवा फिट असेल तर ती आणीबाणी आहे. त्याच सूचनांप्रमाणे तीन वर्षांवरील प्रत्येक मुलाचा बीपी वर्षातून एकदा तरी मोजायला हवा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलं असेल, तर तीन वर्षांआधीही मोजावा.

पट्ट्याचं माप ही सबबही आहे आणि अडचणही. मोठ्यांचा पट्टा चिमुकल्या दंडाला बांधला तर आकडा खोटा कमी येतो आणि आजारी मूल निरोगी ठरतं. फार छोटा बांधला तर आकडा खोटा जास्त येतो. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी आणि लांबीने तिने घेराचा ८० ते १०० टक्के भाग वेढायला हवा. मूल रडत असेल तर आईच्या मांडीवर बसवून, शांत झाल्यावर पुन्हा मोजा. फिट नुकतीच येऊन गेली असेल तर त्या ताणानेही दाब थोडा वेळ चढतो, म्हणून पहिला आकडा लिहून ठेवा आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. चढलेलाच राहिला तर तो फिटचा परिणाम नसून तिचं कारण असू शकतं.

सहकाऱ्यांना कळकळीने सांगतो, की सापडलेला दाब घाईने पाडू नका. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी सवय मुलांच्या बाबतीत सोडून द्या. वाढलेल्या दाबाची सवय झालेल्या मेंदूला एकदम कमी रक्त मिळालं तर झटका आवरेल पण दृष्टी कायमची जाऊ शकते. जेवढा दाब उतरवायचा आहे, त्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक पहिल्या आठ तासांत उतरवायचा नाही, उरलेला पुढच्या दिवसाभरात. शिरेतून, मोजून देण्याची सोय नसेल तर फिट थांबवा, श्वास सांभाळा, सलाईन धावती ठेवू नका आणि आकडा चिठ्ठीवर ठळक लिहून मुलाला पुढे पाठवा. ज्या चिठ्ठीवर बीपी लिहिलेला असतो, तिच्यामुळे मोठ्या रुग्णालयातले पहिले दोन तास वाचतात.

घरी किंवा शाळेत फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, थांबून पुन्हा आली किंवा मूल शुद्धीवर येत नसेल तर १०८ ला फोन करा. पहिल्यांदाच फिट आली असेल तर थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच. “तापात आली असेल” असं गृहीत धरू नका. तापातली फिट साधारण सहा महिने ते पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना येते. आठ-दहा वर्षांच्या, ताप नसलेल्या मुलाची फिट दुसरंच काही सांगत असते.

बरं झाल्यावरचंही सांगायला हवं. बहुतेक मुलांच्या मेंदूवरची सूज काही आठवड्यांत पूर्ण उतरते. पण उशीर झाला, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा रक्तपुरवठा तुटला, तर काही मुलांत व्यंग उरतं, काहींना पुढे फिटा येत राहतात, काही दगावतात. म्हणून घरी आल्यावर बीपी आणि लघवीची तपासणी डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवावी लागते. फिटचं औषध किती दिवस द्यायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. अनेक मुलांना ते थोड्याच काळासाठी लागतं. शाळांना विनंती आहे, की अशा मुलाला मिरगीचं पोर म्हणून मागच्या बाकावर बसवू नका, खेळातून काढू नका. मुलगी असेल तर तिच्या नावाला तो शिक्का आयुष्यभर चिकटतो आणि लग्नाच्या बैठकीपर्यंत पाठलाग करतो.

शेवटचं मागणं गावच्या आणि जिल्ह्याच्या कारभाऱ्यांकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जातात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत खरूज आहेच. खरूज किंवा पुळ्या दिसलेल्या मुलाला त्याच वेळी दोन प्रश्न विचारा, सकाळी चेहरा सुजतो का आणि लघवीचा रंग बदललाय का, आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधा. लहान मापाचे पट्टे ही काही मोठी खरेदी नाही. सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, मुख्याध्यापक, पालक, जो कुणी हे वाचत असेल त्याने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं, की मुलांच्या मापाचा पट्टा आहे का आणि तो कपाटात आहे की टेबलावर. नसेल तर रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा आणि खरेदी होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. पुळ्या आत्ता पिकताहेत. त्यांच्यामागून येणारी मुलं महिन्या-दीड महिन्यात त्याच केंद्राच्या दारात असतील.